उन्हाळी टोमॅटो : झाड हिरवं, फुलं भरपूर, तरी फळ का धरत नाही?

एप्रिलच्या मध्याला टोमॅटोच्या अनेक मळ्यांत एकच तक्रार असते. झाडं हिरवीगार, फुलोरा भरघोस, आणि सरीत मात्र गळालेल्या पिवळ्या फुलांचा सडा. पाणी कमी पडलं असेल म्हणून पाणी वाढवलं जातं, खत वाढवलं जातं, दुकानदार देईल ते टॉनिक मारलं जातं. फुलं गळायची थांबत नाहीत. याच फुलांचं फळ जूनमध्ये बाजारात जाणार असतं. मे २०२३ मध्ये भाव पडून शेतकऱ्यांना टोमॅटो फेकून द्यावा लागला, आणि त्याच वर्षी जुलैत किरकोळ बाजारात टोमॅटो किलोला १०० रुपयांच्या वर गेला. पावसाळ्याच्या तोंडाला माल कोणाकडे असणार, याचा बराचसा निकाल उन्हाळ्यातल्या फळधारणेवर लागतो.

उन्हाळ्यात झाड जगवणं हे एक काम आणि फळ धरवणं हे दुसरं काम. पाणी, आच्छादन, सावली यांनी झाड जगतं. फळ धरेल की नाही हे मात्र प्रामुख्याने रात्रीच्या तापमानावर ठरतं, आणि तेही फूल उमलण्याच्या बरेच दिवस आधी. हे लक्षात घेतलं की कोणता उपाय कधी करायचा आणि कोणत्या खर्चाला हात लावायचा नाही, दोन्ही स्पष्ट होतं.

उष्णता नेमका घाव कुठे घालते?

टोमॅटोला दिवसा साधारण २१ ते २८ अंश आणि रात्री १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवतं. दिवसाचं तापमान ३२ ते ३५ च्या वर आणि रात्रीचं २१ ते २४ च्या वर राहू लागलं की फळधारणा घसरते. झाड मरत नाही, वाढतही राहतं. बिघडतो तो परागकण.

परागकण तयार होण्याचा सर्वांत नाजूक काळ फूल उमलण्याच्या सुमारे ८ ते १३ दिवस आधीचा असतो. त्या दिवसांत कळी अगदी बारीक असते, नजरेत भरतही नाही. तेव्हा उष्णता वाढली तर परागकण कमी तयार होतात आणि जे होतात त्यांतले बरेच वांझ निघतात. म्हणजे आज गळणाऱ्या फुलाचं नुकसान मागच्याच आठवड्यात किंवा त्याआधी झालेलं असतं. फूल गळायला लागल्यावर मारलेली फवारणी त्या फुलाला वाचवू शकत नाही.

दुसरा घाव फुलाच्या रचनेवर. टोमॅटोच्या फुलात परागकोषांची एक नळी असते आणि स्त्रीकेसर तिच्या आत दडलेलं असतं. परागकण आतल्या आत पडतात, म्हणून टोमॅटोचं परागीभवन बहुतेक वेळा स्वतःचं स्वतःच होतं. कडक उष्णतेत स्त्रीकेसराची दांडी लांब होऊन नळीच्या बाहेर डोकावते. मग पराग चांगला असला तरी तो टोकापर्यंत पोचत नाही. सकाळी चार-पाच फुलं जवळून पाहिली तर हे साध्या डोळ्यांनी दिसतं.

तिसरं कारण रात्रीच्या खर्चाचं. झाड दिवसभर पानांत अन्न तयार करतं. रात्र गरम असली की श्वसनात त्यातलं जास्त अन्न खर्ची पडतं आणि फुलाच्या वाट्याला कमी उरतं. अशा वेळी आधी लागलेली फळं जगवण्यासाठी झाड नवी फुलं टाकून देतं.

गावागणिक रात्र वेगळी

सीमेच्या अलीकडे-पलीकडे आणि राज्याबाहेरच्या मराठी वस्त्यांत उन्हाळा एकसारखा नाही. म्हणून एका गावचा सल्ला दुसऱ्या गावी जसाच्या तसा चालत नाही.

बेळगावला एप्रिलमध्ये दिवसाचं तापमान सरासरी ३५-३६ अंशांपर्यंत जातं, पण उंचीमुळे रात्री पारा २० च्या आसपास उतरतो. गोव्यात त्याच महिन्यात दिवस ३३ चा असतो, म्हणजे बेळगावपेक्षा थंडच. पण रात्र २५-२६ ची आणि दमट असते. टोमॅटोच्या दृष्टीने गोव्यातला उन्हाळा बेळगावपेक्षा कठीण ठरतो तो यामुळे. गोव्याच्या ताटातली बरीचशी भाजी घाट उतरून बेळगावकडून येते, त्यामागे जमीन, पाणी, मजुरी अशी कारणं आहेतच. उन्हाळ्यातल्या टोमॅटोपुरतं बोलायचं तर थंड रात्र हेही एक कारण आहे.

इंदूरला मे महिन्यात दिवस ४० चा आणि रात्र २४-२५ ची. माळव्याची संध्याकाळ अजूनही थोडा दिलासा देते, पण दुपारची कोरडी झळ पानं करपवते. बडोदा, हैदराबाद आणि ग्वाल्हेर इथे मे महिन्यात दिवस ४० च्या आसपास किंवा वर, आणि रात्रही २६-२७ च्या खाली फारशी येत नाही. तिथे मे महिन्यात उघड्या रानात भरघोस फळधारणेची अपेक्षा धरणं चूक. तिथलं गणित लागवडीच्या तारखेवर सोडवावं लागतं.

शेतात सावलीत टांगलेला कमाल-किमान तापमापक दाखवतो ते पहाटेचं तापमान वहीत रोज टिपून ठेवावं. किमान तापमान सलग आठवडाभर २४ च्या वर राहिलं, की पुढच्या दहा-बारा दिवसांत उमलणाऱ्या फुलांकडून कमी अपेक्षा ठेवायची. उलट वळवाच्या पावसानंतर रात्री थंड झाल्या, तर त्यानंतरचा बहर सांभाळायची तयारी करायची.

सर्वांत स्वस्त उपाय : तारीख

पुनर्लागवडीनंतर साधारण २५ ते ३५ दिवसांत फुलं येतात आणि ६५ ते ७५ दिवसांत तोडा सुरू होतो. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत ४० ते ५० दिवस जातात. यावरून मागे मोजत यावं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात जानेवारीच्या मध्याला लावलेलं रोप फेब्रुवारीच्या शेवटी फुलावर येतं. पहिले तीन-चार घोस एप्रिलच्या उन्हाआधीच धरलेले असतात. उन्हाळा फळ पोसण्यात जातो, फळ धरण्यात नाही. मार्चमध्ये लावलेला प्लॉट मात्र ऐन एप्रिलमध्ये कळीवर येतो. त्याला सावली, वाण आणि पाणी या तिन्हींची जोड नसेल तर धोका मोठा.

गोव्यात भातकापणीनंतर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लागवड करून मार्चपर्यंत मुख्य तोडे उरकणं शहाणपणाचं. ग्वाल्हेर, बडोदा आणि हैदराबादच्या सपाट भागातही फुलोरा मार्चच्या आत येईल अशीच लागवड धरावी.

वाण निवडताना

उष्णता सहन करणारा वाण आणि रोग सहन करणारा वाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे पुसा सदाबहार आणि पुसा हायब्रिड-१ हे वाण रात्रीच्या जास्त तापमानातही फळ धरतात म्हणून ओळखले जातात. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का विकास पाण्याचा ताण सोसतो, तर अर्का मेघाली कोरडवाहूसाठी आहे. त्याच संस्थेचा अर्का रक्षक पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तीन रोगांना दाद देत नाही. गोव्याच्या लाल, आम्लधर्मी जमिनीत मर रोगाचा त्रास असतो तिथे हा गुण मोलाचा. पण रोग सोसतो म्हणजे ४० अंशांत फळ धरतो असं नाही.

खासगी कंपन्यांचे उन्हाळी संकरित वाण बाजारात भरपूर आहेत. पाकिटावरच्या शब्दापेक्षा आपल्याच तालुक्यात मागच्या उन्हाळ्यात त्या वाणाने मे महिन्यात फळ धरलं का, हे विचारावं. नवा वाण पहिल्या वर्षी दोन-चार ओळींतच घ्यावा.

रोप आणि लागवड

रोपवाटिकेला ४० मेशची कीटकरोधक जाळी हवी. पांढरी माशी रोपावस्थेतच विषाणू देऊन गेली तर पुढे कोणताही उपाय चालत नाही. लागवडीआधी चार-पाच दिवस पाणी थोडं कमी करून आणि सावली हळूहळू काढून रोप कणखर करावं. फार उंच, लुसलुशीत रोप उन्हात पहिल्याच दिवशी मान टाकतं.

आदल्या दिवशी बेड भिजवून वाफसा आल्यावर, संध्याकाळी चारनंतर लागवड करावी. रोपाला पहिली रात्र सावरायला मिळते.

पाणी : किती आणि कधी

पान स्वतःला पाणी उडवून थंड ठेवतं. मुळाशी ओल कमी झाली की पानावरची छिद्रं मिटतात, पाणी उडायचं थांबतं आणि पान आजूबाजूच्या हवेपेक्षाही तापतं. म्हणून उन्हाळ्यात पाणी म्हणजे झाडाचा पंखाच.

ठिबकाचा अंदाज असा काढता येतो. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. एप्रिलमध्ये बाष्पीभवन रोज ८ मिमी धरलं, त्याला ०.७५ ने गुणलं तर ६ मिमी. पूर्ण वाढलेल्या टोमॅटोसाठी पीक गुणांक १.१ धरला तर ६.६ मिमी. ओळींत ४ फूट आणि झाडांत दीड फूट अंतर असेल तर एका झाडाच्या वाट्याला सुमारे ०.५४ चौरस मीटर जागा येते. म्हणजे झाडाला रोज साडेतीन लिटर. एकरात अशी सुमारे ७,४०० झाडं बसतात, म्हणजे एकराला रोज अंदाजे २६ हजार लिटर.

हा आकडा लागवडीआधी बघायचा. जानेवारीत विहीर तुडुंब दिसते, पण एप्रिलमध्ये बोअर किती तास चालतो आणि वीज किती तास असते, त्यावर क्षेत्र ठरवावं. एकराच्या पाण्यावर दोन एकर लावले तर दोन्ही एकरांत फुलं गळतात.

पाणी रोज द्यावं आणि दोन हप्त्यांत विभागावं : मोठा हप्ता पहाटे, छोटा संध्याकाळी. हलक्या मुरमाड जमिनीत तीन हप्तेही करावे लागतात. काळ्या जमिनीत मात्र बोटाने ओल तपासूनच पाणी सोडावं, कारण मुळाशी सतत चिखल राहिला तरी झाड सुकल्यासारखं दिसतं. दुपारी पानं मलूल दिसली आणि संध्याकाळी सावरली तर घाबरायचं कारण नाही. सकाळीही मलूल दिसली तर पाणी कमी पडतंय किंवा मूळ बिघडलंय.

दोन दिवस कोरडं ठेवून तिसऱ्या दिवशी पाट भरून पाणी देण्याने फळाचं बूड काळं पडतं आणि फळ तडकतं. वळवाच्या पावसात हेच होतं. जमिनीत ओल आधीच एकसारखी असेल तर वळवाचा धक्का कमी बसतो.

आच्छादन

ऊसपट्ट्यात पाचट फुकट मिळतं आणि दर वर्षी पेटवून दिलं जातं. तेच तीन-चार इंच जाड थराने बेडवर अंथरलं तर जमीन थंड राहते आणि ओल टिकते. माळव्यात गव्हाचा भुसा, गोव्यात भाताचा पेंढा किंवा सुकी पानं चालतात. खोडापासून चार बोटं जागा मोकळी सोडावी आणि वाळवी दिसते का ते बघत राहावं.

प्लास्टिक वापरायचं तर चंदेरी-काळा पेपर, चंदेरी बाजू वर. चकाकीमुळे पांढरी माशी आणि फुलकिडे काही प्रमाणात दूर राहतात. नुसता काळा पेपर उन्हाळ्यात मुळांना भाजतो.

सावली आणि वारा

दुपारी ११ ते ४ या वेळेत ३०-३५ टक्के शेडनेट पुरतं. पांढरी नेट असेल तर उजेड चांगला राहतो. ५० टक्के किंवा त्याहून गडद हिरवी नेट रोपवाटिकेसाठी ठीक, पण वाढत्या पिकावर कायम ठेवली तर झाडं उंच, किडकिडीत होतात आणि फुलं कमी येतात. नेट झाडापासून निदान तीन-चार फूट वर आणि बाजूंनी उघडी हवी. चारही बाजू बंद केल्या तर आत गरम हवा कोंडते.

पूर्ण नेट परवडत नसेल तर लागवडीआधी तीन-चार आठवडे प्लॉटच्या चारही कडांना, विशेषतः पश्चिमेला, मक्याच्या दोन-तीन ओळी पेराव्यात. मका उष्ण वारा अडवतो, पांढऱ्या माशीला अडथळा होतो आणि शेवटी जनावरांना चारा मिळतो. सलग उभ्या मक्याने हवा कोंडणार नाही एवढं अंतर ठेवावं.

उन्हाळ्यात पानं काढायची घाई करू नये. पान हीच फळाची छत्री. पानं खरडून काढलेल्या झाडावर फळाला उन्हाचा पांढरा, कागदी चट्टा पडतो आणि असं फळ बाजारात कोणी घेत नाही. जमिनीला टेकलेली आणि रोगट पानं तेवढी काढावीत. बांबू-तारेची बांधणी करताना फळं पूर्व बाजूच्या उन्हात गेली तर चालतात, पश्चिमेच्या उन्हात उघडी पडू नयेत.

खत आणि फवारणी

उन्हाळ्यात युरियाचा मारा नुकसान करतो. नत्र जास्त झालं की झाड पाल्यावर जातं, फुलं कमी होतात आणि फुलकिडे, पांढरी माशी वाढते. फुलोऱ्यापासून पालाश आणि कॅल्शियमकडे लक्ष द्यावं. ठिबकातून थोडं-थोडं खत देणं एकदम देण्यापेक्षा बरं. कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेट किंवा सल्फेटची खतं एकाच टाकीत मिसळू नयेत, साका धरून ठिबक चोंदतं.

पानांवरून पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे १३:०:४५, लिटरला ५ ग्रॅम, सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर फवारता येतं. केओलिन ही पांढरी माती लिटरला ५० ग्रॅम फवारली तर पानावर पातळ थर बसतो आणि ऊन परतवलं जातं. फळांवर तो थर राहतो, म्हणून तोड्याच्या काळात फळ धुवावं लागेल हा हिशेब आधी करावा. या फवारण्या उन्हाची लाट येण्याआधी करायच्या. लाट आल्यावर भर दुपारी पंप उचलला तर पानंच भाजतात.

फळधारणेची संजीवकं बाजारात मिळतात. मात्रा थोडी चुकली तरी पानं वाकडी होतात आणि बी नसलेली पोकळ फळं लागतात. कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला आणि लेबल पाहिल्याशिवाय ती वापरू नयेत.

पान वळलं म्हणजे व्हायरस?

प्रत्येक वळलेल्या पानाला रोग समजून औषध मारणं हा उन्हाळ्यातला मोठा वायफळ खर्च. फरक असा ओळखावा.

- उष्णतेने वळलेलं पान : सुरुवात खालच्या, जुन्या पानांपासून. कडा वरच्या बाजूला वळून पान नळीसारखं, जाडसर आणि चामड्यासारखं होतं. रंग हिरवाच राहतो. शेंडा नीट वाढत असतो.
- पर्णगुच्छ, ज्याला गावाकडे बोकड्या म्हणतात : सुरुवात शेंड्याच्या नव्या पानांपासून. पानं बारीक, पिवळसर, आकसलेली. झाड खुजं राहून झुबक्यासारखं दिसतं.

पहिल्याला पाणी आणि सावली पुरते. दुसऱ्याला औषध नाही. झाड उपटून पिशवीत घालून मळ्याबाहेर न्यावं आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करावा. पिवळे चिकट सापळे आधीपासून लावलेले असले तर माशी केव्हा वाढली ते कळतं. कोरड्या उन्हात लाल कोळीही वाढते. पानाखाली बारीक जाळी आणि वर पिवळे ठिपके दिसले की ती समजावी. नागअळीसाठी कामगंध सापळे लागवडीपासूनच हवेत.

रंग न चढणारी फळं

धरलेलं फळही उन्हाळ्यात दगा देतं. टोमॅटोचा लाल रंग लायकोपिनमुळे येतो आणि ३० अंशांच्या वर ते नीट तयार होत नाही. पिवळं-नारिंगी द्रव्य मात्र तयार होत राहतं. म्हणून झाडावर ठेवलेलं फळ लाल न होता पिवळट राहतं, देठाजवळ तर हिरवट-पिवळं घट्ट वलय पडतं.

यावर उपाय म्हणजे फळाच्या टोकाला गुलाबी छटा दिसताच तोडणं. सकाळी दव सुकल्यावर तोडा करावा, माल लगेच सावलीत न्यावा आणि हवेशीर जागी २० ते २५ अंशांत पिकू द्यावा. झाडावर ठेवण्यापेक्षा रंग चांगला येतो. कॅरेट उन्हात उभी ठेवू नयेत. तासाभरात वरचा थर मऊ पडतो.

गच्चीवरचा टोमॅटो

हैदराबाद, बडोदा किंवा इंदूरच्या गच्चीवर सिमेंट रात्रभर उष्णता सोडत राहतं, त्यामुळे तिथली रात्र रानापेक्षाही गरम. कुंडी काळी नको; असेल तर भोवती ओलं पोतं गुंडाळावं. कुंडी निदान बारा इंची, विटांवर उचलून ठेवलेली, आणि पूर्वेकडे, म्हणजे सकाळचं ऊन मिळून अकरानंतर सावली येईल अशी असावी. वारा कमी असेल तर सकाळी फुलांच्या घोसाला बोटाने हलकी टिचकी मारावी, पराग पडायला मदत होते. छोट्या फळांचे चेरी टोमॅटो मोठ्या फळांच्या जातींपेक्षा उन्हाळ्यात बहुधा बरे टिकतात.

प्लॉट ठेवायचा की मोडायचा?

दिवस ४० आणि रात्र २७ अशा काळात वरचे सगळे उपाय करूनही पूर्ण फळधारणा होत नाही. तेव्हा फुलं धरवण्यावर पैसा घालू नये. आधी लागलेली फळं पोसावीत, पाणी नियमित ठेवावं, कीड आवरावी आणि झाड निरोगी ठेवून थंड रात्रींची वाट पाहावी. मृगाच्या सरींनी रात्री उतरल्या की त्यानंतर तयार झालेल्या कळ्या दहा-बारा दिवसांत उमलतात आणि फळ धरतात.

झाडाचा शेंडा जोमदार असेल, विषाणू थोड्याच झाडांवर असेल आणि बोअर साथ देत असेल तर असा प्लॉट ठेवण्यात अर्थ आहे. शेंडे खुरटले असतील, निम्म्याच्या वर झाडं आकसलेली असतील किंवा पाणी आटलं असेल, तर प्लॉट वेळीच मोडावा, अवशेष रानाबाहेर काढावेत आणि उरलेलं पाणी दुसऱ्या पिकाला द्यावं. मेच्या शेवटी फुलं गळालेली पाहून रागाने मोडलेला निरोगी प्लॉट आणि आशेपोटी जूनपर्यंत ओढलेला रोगट प्लॉट, दोन्ही सारखेच महाग पडतात.